मंगळ्याचा गोळा

१

शुक्रवारी सकाळी साडेसातला हेतलचा फोन आला. मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"बाई, गोळा गेला."

"गेला म्हणजे? त्याला काय पाय फुटले?"

"पेटीत फडकं हाय, गोळा नाय. आजी भिंतीकडं तोंड करून पडलीय. चाय पण घेत नाय."

शेंगा तशाच टाकल्या आणि स्कूटर काढली.

मी सुगंधा चुरी. तेहेतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली शेवटची चौदा स्टेशन मास्तर म्हणून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी माझा आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचाच आहे असं पालघरातले शेजारी म्हणतात. म्हणोत बापडे.

हेतल पालघरच्या कॉलेजात शिकते. तिचा पणजोबा मंगळ्या दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या रेल्वे कंपनीत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता, थेट इराकच्या वाळवंटात. त्याची माहिती काढायला पोरीने लष्कराच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, 'या कंपनीचे कागद उपलब्ध नाहीत.' मग ती माझ्याकडे आली. रेल्वेतली ती भांडखोर बाई हल्ली रिकामीच असते, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. खोटं नव्हतं.

हेतलच्या गावी, माकुणसारात, ग्रामपंचायतीपुढे एक दगड बसायचा होता. युद्धात रेल्वे कंपनीत गेलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरायची होती. सहा नावं ठरली होती, मंगळ्याचं नव्हतं. गावाच्या लेखी मंगळ्या चोर! ऐन लढाईत सरकारी गोळा घेऊन पळाला, असं गाव ऐंशी वर्षं सांगत आलं. त्याची लेक बुधी, म्हणजे हेतलची आजी, आता शहाऐंशीची. 'गोळाचोराची पोर' हे तिने विहिरीवर ऐकलं, बाजारात ऐकलं, स्वतःच्या लग्नातसुद्धा ऐकलं. मरायच्या आधी बापाचं नाव त्या दगडावर बघायचं, एवढीच म्हातारीची इच्छा होती.

दगडाच्या समितीचे चिटणीस मनीष मास्तर तिला म्हणाले होते, "रविवारी अकराला बैठक आहे. तो गोळा घेऊन या. तो बघूनच ठरवू."

आणि रविवारला दोन दिवस उरले असताना गोळाच नाहीसा झाला.

२

पाडा माकुणसारच्या वरच्या अंगाला आहे. शेवटचा चढ स्कूटर ढकलत चढावा लागतो. दारात कुत्रं झोपलेलं होतं, मला बघून उठलं आणि असं भुंकलं की विचारू नका.

गोळा मी गुरुवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, पहिल्यांदा पाहिला होता. हेतलचा भाऊ कमलेश बोईसरला कारखान्यात कंत्राटावर आहे. रेल्वेची ट्रॅकमनची परीक्षा तो पास झाला म्हणून बुधीआजीने मला पेढा दिला, मग हौसेने पेटी उघडली. मोठ्या मोसंब्याएवढा गोळा, शेंदराने असा माखलेला की खाली लोखंड आहे की लाकूड कळू नये. घरात त्याला देव म्हणून पुजतात. मी उचलला आणि वजनावरूनच ओळखला.

"अगं बाई, हे तर टोकन! रेल्वेची मालमत्ता! हे घरात ठेवलंत? असल्या चोरीपायी माणसं आत जातात, नोकऱ्या जातात!"

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई सांगून गेलीय. दारात कमलेश डबा घेऊन कामावर निघाला होता, तो थबकला. मग मलाच लाज वाटली आणि मी टोकन म्हणजे काय ते समजावत बसले. एकेरी लाईनवर दोन्हीकडच्या गाड्या एकाच रुळावर असतात, समोरासमोर आल्या की संपलं. म्हणून दोन स्टेशनांत तारेने जोडलेली दोन यंत्रं असतात आणि त्यांत असे गोळे असतात. एका यंत्रातून गोळा काढला की दोन्ही यंत्रांना कुलूप. तो परत यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मी नोकरीची पहिली सहा वर्षं गुजरातेत एकेरी लाईनवर हेच केलं होतं.

"बा बोलायचा," बुधीआजी म्हणाली, "हा हातात हाय तवर कोनी मरत नाय. म्हनून तर आमी देव केला."

मी मान डोलावली होती. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात, असं मनात म्हटलं होतं.

आता त्याच पेटीपाशी मी बसले. कुलूप धड होतं. किल्ली नेहमीच्या कोनाड्यात. गोळ्याचं फडकं पेटीत चार घड्या घालून नीट ठेवलेलं.

"रात्री कुत्रं भुंकलं?"

"नाय," हेतल म्हणाली.

घरात भात साठवायची मोठी कणगी होती, त्या कोपऱ्यातून ओल्या शेणाचा वास येत होता. ओटीच्या भिंतीचे मात्र पोपडे निघालेले. हेतल शरमून म्हणाली, "परीक्षा चाललीय बाई, दिवाळीपासून सारवायला हात लागला नाय."

कमलेश उंबऱ्याशी उभा होता. "मला इचाराल तर मास्तरनंच नेला. त्याला आमचं नाव नकोच हाय."

"पुरावा?"

"बुधवारी बोईसरचा जुन्या वस्तूवाला आलता, गोळा विकता का म्हनून. त्याला घर दाखवायला कोन आलता सोबत? मनीष मास्तर!"

३

जुन्या वस्तूवाला म्हणजे मेहुल. त्याचं दुकान बोईसरला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आत जहाजाचे कंदील, बंद पडलेली घड्याळं, पितळी घंटा, आणि या सगळ्यात बसायला एकच खुर्ची. ती मी घेतली.

"गोळा कुठाय?"

"अरे बेन, बसल्या बसल्या आरोप?" मेहुल हसला. "मला पायजे होता, खोटं कशाला बोलू? मुंबईत असल्या चीजेला गिऱ्हाईक आहे. पण म्हातारी बोलली, देव विकत नाय. विषय खतम."

"खतम कसला? कमलेशच्या मागे लागला असशील."

"लागलो ना! आज सकाळी नऊला पण फोन केला. बोललो, भाव वाढवून देतो. त्यानं फोन कट केला." त्याने मोबाईलच माझ्यापुढे धरला. नऊ वाजून चार मिनिटं, कमलेश.

गोळा तर साडेसातच्या आधीच गेलेला होता. माल पदरात असलेला माणूस भाव वाढवत बसेल? एवढा खुळा मेहुल नव्हता. मला त्याचा रागच आला, कारण तोच चोर निघाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"मास्तर तुला तिथे घेऊन गेला कशाला?"

"ही चीज खरंच रेल्वेची आहे का, ते बघायला. मी हो बोललो. तर मास्तर मला बाहेर आल्यावर काय सांगतो? विकत घेऊ नको. रविवारपर्यंत गोळा तिथंच राहू दे." मेहुलने खांदे उडवले. "आता तूच सांग बेन, हा माणूस चोर की चौकीदार?"

४

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मनीष मास्तरांना गाठलं. पन्नाशीचा, सरळ भांग पाडणारा माणूस. व्हरांड्यात बाक होता, त्यावर बसलो. मी आडपडदा ठेवलाच नाही.

"गोळा तुम्ही नेलात का?"

"मी?" मास्तर असे चमकले की डबा हातातून सुटला. "गोळा गेला? बाई, काय सांगताय! मग बैठकीत मी दाखवू काय?"

"तुम्ही काय दाखवणार होतात?"

"चोरी! स्पष्टच सांगतो. म्हातारीचं वय बघून लोक हळवे झालेत, म्हणतात घाला नाव. मला ते मान्य नाही. ज्यांनी खरंच काम केलं त्यांच्या पंगतीला चोर बसवायचा? गोळा सगळ्यांपुढे ठेवला असता आणि विचारलं असतं, सरकारी वस्तू याच्या घरी आली कशी? तोंडं बंद झाली असती."

रागाने बोलत होते, पण खोटं बोलत नव्हते. गोळा गेल्याने बुधीआजीइतकंच नुकसान या माणसाचंही झालं होतं.

"तुमचे आजोबा त्याच कंपनीत होते ना?"

मास्तरांचा आवाज एकदम मऊ झाला. "पुंजाराम. दगडावर पहिलं नाव त्यांचंच आहे. त्यांनी गाडी वाचवली, बाई. जखमी शिपायांनी भरलेली गाडी." पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. बैठकीसाठी जवळच ठेवली होती. शाई तपकिरी झाली होती, अक्षर मात्र टपोरं.

'९ मार्च १९४३. दुपारी पाणी वाढते आहे म्हणून मंगळ्याने साहेबाशी हुज्जत घातली. साहेबाने हाकलून दिला. चार वाजता जखमींच्या गाडीसाठी गोळा काढून ड्रायव्हरला देण्यास मंगळ्याजवळ दिला. तो गोळ्यासह पसार. गाडी उभी. साहेब संतप्त. साडेपाच वाजता मी ट्रॉलीवरून लाईन पाहण्यास निघालो. चार मैलांवर पूल वाहून गेलेला मला आढळला. पुलाच्या अलीकडे रुळावर मंगळ्या बसलेला, तोंड आमच्याकडे, काठीला लाल फडके. गोळा मांडीवर. पकडून आणला. मी वेळीच पूल पाहिल्याने गाडी वाचली. साहेबांनी शाबासकी दिली.'

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा, वेळांवर बोट ठेवून.

"वही उद्या आणा हं," मी म्हणाले. "विसरू नका. गोळा मी आणते."

"पण तो गेलाय ना?"

तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता. मेहुलकडे गोळा नाही. मास्तरांना तो बैठकीत हवाच होता. बाहेरचा चोर किल्ली जागेवर ठेवत नाही, फडक्याच्या घड्या घालत नाही, आणि ते कुत्रं त्याला बघून गप्प बसत नाही. काखेत कळसा आणि मी बोईसरला वळसा घालून आले होते.

५

पाड्यावर पोचले तेव्हा कमलेश अंगणात लाकडं फोडत होता. मी थेट आत गेले, कणगीपुढे बसले.

"हेतल, ही कणगी कधी लिंपली?"

"दिवाळीला. भात भरला तवा."

"दिवाळीचं शेण पौषात ओलं राहतं?"

ती जवळ आली. कणगीच्या तोंडाभोवती ताजा लेप होता, आणि काय तो लेप! बायका सारवतात तेव्हा हाताचं अर्धं वर्तुळ कसं सुरेख उमटतं. इथे वरून खाली नुसते फराटे, पाच जाड बोटांचे. हेतलने त्यावर आपली बोटं टेकवून पाहिली. तिची दोन मावतील एवढा एकेक फराटा होता.

"कमलेश!" मी प्लॅटफॉर्मवरच्या आवाजात हाक मारली.

तो आला, कणगीकडे बघितलं आणि खालीच बसला. "सोमवारी रेल्वेत कागदं तपासनार हायत. पोलीस चौकशी पन होईल. तुमीच बोलल्या, नोकरी जाते, मानूस आत जातो. आमच्या घरात चोरीचा माल हाय हे गावापुढं रविवारी मांडलं असतं तर? पाच वर्सं घासून परीक्षा काढलीय बाई. फेकून देनार होतो खाडीत. पन देव हाय, हात धजला नाय."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल. दोन दिवस मी चोर शोधत फिरत होते आणि चोरीची बुद्धी दिली होती मीच.

"गाढव आहेस," मी म्हणाले, "आणि मी तुझ्याहून मोठं गाढव. माझं चुकलं रे बाबा. काढ तो बाहेर."

त्याने भातात खांद्यापर्यंत हात घातला आणि गोळा काढला. बुधीआजी भिंतीकडून वळली. नातवाकडे बघितलं. "पोटासाठी केलंस," एवढंच म्हणाली आणि हात पुढे केला. गोळा मांडीवर घेतला आणि मग चहा मागितला.

तो चहा संपेपर्यंत मी गप्प राहिले. माझ्यासाठी हे फार झालं.

"आजी, वहीवरून मला काहीतरी कळलंय. पण मास्तर एक प्रश्न विचारणार, आणि त्याचं उत्तर असलं तर या शेंदराखालीच आहे. खरडावा लागेल."

ऐंशी वर्षांचा देव खरडायचा! आणि खाली काही नसलं तर? किंवा चोरीच सिद्ध झाली तर?

बुधीआजीने गोळा कपाळाला लावला. मग माझ्यापुढे धरला.

"खरड. खरा असंल तर खरडल्यानं मरत नाय."

६

रविवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीत वीसेक माणसं होती. मी फडक्यात गुंडाळलेला गोळा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. मास्तरांना वही मोठ्याने वाचायला लावली. त्यांनी ती अभिमानाने वाचली. 'शाबासकी दिली' ला दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

"मास्तर, गाडी चार वाजता का सुटली नाही?"

"गोळा नव्हता म्हणून."

"सुटली असती तर पूल चार मैलांवर. किती वाजता पोचली असती?"

"साधारण..." मास्तर थांबले. "सव्वाचार."

"आणि तुमचे आजोबा निघाले किती वाजता?"

मास्तरांनी पुन्हा वहीत पाहिलं.

"साडेपाच," मास्तर हळूच म्हणाले.

"आता ते निघाले कशासाठी, ते मी सांगते. गोळा हरवला तर दुसरा निघत नाही. मग गाडी कागदावर, म्हणजे लेखी परवानगीवर, सोडतात, पण त्याआधी माणसाने लाईन स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायची. नियम आहे. पॉइंट्समनला तो झोपेतसुद्धा येतो. मंगळ्या फौजेत जायच्या आधी, आजी सांगते, इथे वैतरणेच्या पुलावर गँगमन होता. चढतं पाणी त्याला कळत होतं. साहेबाला सांगायला गेला, साहेबाने हाकलला. वहीतच आहे, 'हुज्जत घातली'. मग त्या गरीब माणसाच्या हातात काय उरलं? तो गोळा. ड्रायव्हरला दिला की गाडी जाणार. परत केला की साहेब दुसऱ्याच्या हाती देणार. स्वतःजवळ ठेवला तर गाडी जागची हलत नाही, आणि कोणाला तरी लाईन बघायला यावंच लागतं. म्हणून तो गोळा घेऊन चालत पुलापर्यंत गेला. काठीला लाल फडकं बांधलं आणि स्टेशनकडे तोंड करून वाट बघत बसला. पळणारा माणूस असा बसतो?"

कोपऱ्यातून बुधीआजीचा आवाज आला. "हा हातात हाय तवर कोनी मरत नाय." ती कोणाशी बोलत नव्हती.

मास्तर पांढरे पडले होते, पण माणूस चिवट. "मग पूल सापडल्यावर गोळा परत करायचा. याच्या घरी कसा आला?"

"हाच प्रश्न मला हवा होता." मी फडकं उघडलं.

शेंदूर गेला होता. काळं लोखंड होतं. त्यावर दोन स्टेशनांची नावं, इंग्रजीत आणि अरबीत, आणि त्या नावांवरून आडवी, खोल छिन्नी मारलेली. वरच्या बाजूला आरपार भोक, भोकात इतकी वर्षं शेंदरात बुजलेली कडी.

"आमच्या खात्यात टोकन रद्द केलं की नावावर अशी छिन्नी मारतात, म्हणजे ते पुन्हा वापरात यायला नको. रद्द करायचं तर ते आधी परत यावं लागतं. हा गोळा मंगळ्याने परत केला होता. तो रद्द झाला, वर्कशॉपच्या यंत्रावर त्याला भोक पाडलं, कडी घातली आणि कोणीतरी तो त्याला दिला. कोणी, ते मला माहीत नाही. कागद उरलेले नाहीत, मी थापा मारणार नाही. पण चोरलेल्या मालावर सरकारी छिन्नी मारून घेऊन कुठला चोर घरी येतो, ते मला सांगा."

मास्तरांनी गोळा उचलला. छिन्नीच्या खाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"म्हणजे माझे आजोबा खोटं बोलले?"

"नाही हो. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. पूल त्यांनीच पाहिला. फक्त तो बघायला आपल्याला कोणी पाठवलं, हे त्यांना कळलं नाही. आणि मंगळ्याने कधी सांगितलं नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात."

"सांगितलं नाय कसं?" बुधीआजी उठून उभी राहिली. "मला सांगितलं. रोज सांगितलं. मीच येडी, मला वाटलं देवाचं बोलतोय." आणि ती रडली, चारचौघांत, पदर न लावता.

मास्तरांनी वही मिटली. "पाथरवट उद्या येणार आहे," ते म्हणाले. "सहा नव्हे, सात नावं. मी स्वतः उभा राहून कोरून घेतो."

७

कमलेशची कागदपत्रं सोमवारी तपासून झाली. घरात कोणी रेल्वेत होतं का, असं तिथल्या बाबूने सहज विचारलं. याने पाऊण तास गोष्ट सांगितली म्हणे. मागची रांग खोळंबली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर दगडावरचा कपडा काढला. बुधीआजीला वाचता येत नाही. तिने हेतलला विचारलं, "कंचं?" हेतलने तिचं बोट धरून सातव्या ओळीवर ठेवलं.

म्हातारीने कमरेची पुडी सोडली. शेंदूर तेलात कालवून आणला होता. बापाच्या नावावर बोट टेकवलं, आडवं ओढलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मग तसंच शेंदराचं बोट घेऊन ती दगडावर वर वर शोधत राहिली.

"आता काय गं आजी?"

"मास्तरच्या आज्याचं कंचं?"

मनीष मास्तर स्वतः पुढे आले. त्यांनी तिचा हात धरून पहिल्या ओळीवर नेला. तिने पुंजारामच्या नावालाही शेंदूर लावला.

"यानं तुझ्या बाला आयुष्यभर चोर केला, आजी!" कमलेश उसळून म्हणाला.

"केला," बुधीआजी म्हणाली. "पन बा त्या रुळावर बसून वाट कोनाची बघत होता रे? हा आला, म्हनून तर तो उठला."